पाऊणपट दर्यावर्दी

माझा समुद्राशी संबंध मिठापुरता, तोही पिशवीतल्या. पण चारचौघांत कोकणाचा विषय निघाला की मी 'आम्ही मूळचे दापोलीकडचे' असं सांगतो आणि सांगताना आवाज जरा खाली घेतो, म्हणजे ऐकणाऱ्याला मागून लाटा ऐकू याव्यात. खरी गोष्ट अशी की आमच्या घराण्यात कोणी होडीत बसल्याची नोंद नाही. पणजोबांनी गाव सोडलं तेव्हा हर्णै बंदरातून मुंबईला आगबोट जात असे. त्यांना बोट लागायची धास्ती, म्हणून ते घाट चढून पुण्यात आले. आम्ही मुंबईकर न होता पुणेकर झालो त्यामागे दुसरं कुठलंही सांस्कृतिक कारण नाही.

हे सगळं इतकी वर्षं झाकलेलं होतं. ते उघडं पडलं साडूंमुळे.

साडू विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि व्हिएतनामला जाऊन आले. आल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि पानं मांडण्याआधी टीव्हीला फोन जोडला. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरात चुनखडीची सोळाशेच्या आसपास बेटं आहेत आणि १९९४ पासून तो जागतिक वारसा आहे. साडूंनी त्यातली जी जी बेटं पाहिली ती सगळी समोरून, बाजूनं आणि मागून टिपली होती. आमटी दोनदा गरम करून झाली. मेव्हणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घड्याळ बघत होती. 'आणि हे बघा, इथे आम्ही होडीतून गुहेत शिरलो,' असं साडू म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'एवढ्यासाठी परदेशात कशाला जायचं? आमच्या हर्णैला चला. एका नजरेत चार किल्ले. चार बेटं!'

'आमच्या' हा शब्द बायकोनं टिपला. ती बोलली काहीच नाही. तिनं फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की तेवढ्यात सगळं बोलून होतं.

'चार बेटं?' साडू म्हणाले. 'मग जाऊच.'

मी तेव्हा बँकेत होतो. त्यामुळे नोव्हेंबर २०२२ चा दुसरा शनिवार मुक्रर झाला.

आमच्याकडे फाइल जाड असली की कर्ज बुडत नाही असं मानतात. त्याच न्यायानं मी हर्णैची फाइल जाड केली. नकाशावर चार ठिपके होते : सुवर्णदुर्ग, कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. शिवाजी महाराजांनी सुवर्णदुर्ग आदिलशाहीकडून घेतला, कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द इथूनच उभी राहिली, एप्रिल १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून तो काढून घेतला. हे सगळं मी पाठ केलं. महादरवाज्याच्या पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे आणि शेजारच्या तटावर मारुती आहे, हेही टिपून ठेवलं. साडूंच्या सोळाशे बेटांपैकी एकाच्याही पायरीवर कासव नव्हतं.

भरतीची वेळ मात्र मी पुस्तकातून घेतली नाही. ती आमच्या घरातली विद्या आहे. आजोबांनी मला लहानपणी शिकवलं होतं, कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकपासून. चंद्र रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्यामागून पाणीही तेवढंच उशिरा येतं, एवढं साधं कारण. आजोबा स्वतः पर्वतीच्या पायथ्याशी राहत. तिथे भरती येत नसल्यामुळे त्यांचा हिशेब कधी चुकला नाही.

'शनिवारी बारा,' मी मेव्हणीला फोनवर समजावलं. 'बाराची पाऊणपट नऊ. नऊला भर भरती. होडी थेट आपल्या पायाशी येईल.'

'भाऊजी, तुम्हाला किती येतं!' ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता, साडू ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड करत संध्याकाळी हर्णै गाठलं. पहिलं बेट म्हणून मी सगळ्यांना कनकदुर्गावर नेलं. गाडी खाली लावली आणि पायऱ्या चढलो. वर दीपगृह आहे, चहूकडे वारा आहे आणि समोर काळाभोर सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो. दृश्य असं होतं की साडूंनीही फोटो काढला. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मोजायला सुरुवात केली.

'आपण उभे आहोत ते बेट?'

'तिन्ही बाजूंनी पाणी आहे,' मी म्हणालो.

'चौथ्या बाजूनं आपण गाडी आणली.'

फत्तेगड शेजारच्या टेकाडावर. तिथे आता घराला घर लागून कोळ्यांची वस्ती आहे, तट शोधायचा तर कुणाच्या तरी पडवीतून जावं लागेल. गोवा किल्ला आम्ही येतानाच रस्त्याच्या कडेला पाहिला होता. मेव्हणीनं तिथे गाडी थांबवून शहाळं घेतलं होतं.

'म्हणजे एक,' साडू म्हणाले. 'सोळाशेला एक.'

'दर्जा बघा,' मी म्हणालो.

मुक्काम मुरूडला होता. हे दापोलीजवळचं मुरूड, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याचं वेगळं. नारळी-पोफळीतलं घर, शेणानं सारवलेलं अंगण आणि शुद्ध शाकाहारी जेवण. सकाळी यजमानीणबाईंनी गरम घावनं केली, बरोबर नारळाची चटणी. मी वाढपी कंटाळेपर्यंत खाल्ली. बायकोनं नुसता चहा घेतला. तिला होडी लागायची भीती वाटत असणार असं समजून मी तिला धीर दिला. ती 'बरं' म्हणाली.

बरोबर नऊ वाजता आम्ही हर्णै बंदरावर उभे होतो आणि समुद्र जागेवर नव्हता.

जिथे भर भरती असायला हवी होती तिथे लांबवर करडा, चमकणारा चिखल पसरला होता. बारक्या होड्या त्यात कलंडून पडल्या होत्या. दूर पाण्याच्या कडेला बैलगाडी उभी होती, चाकं तुंब्यापर्यंत पाण्यात, आणि दोन माणसं छोट्या होडीतून माशांच्या टोपल्या तिच्यात चढवत होती. बैल शांतपणे रवंथ करत होते. नांगरलेल्या मोठ्या लाँचेस तर इतक्या लांब होत्या की त्यांच्यावरची निशाणं तेवढी कळत होती.

आमचा होडीवाला चिखलाच्या काठावर विडी ओढत बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, डोक्याला मफलर.

'पाणी कुठे गेलं?' मी विचारलं.

'गेलं,' तो म्हणाला. 'नवाला सुकतीच आसते आज. भरती तीनला.'

मी त्याला आजोबांचा नियम सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला. 'बरोबर हाय,' तो म्हणाला. 'पन बारस कोन म्हनतो? आज चवथ हाय. चाराची पाऊणपट तीन.'

'संकष्टी आहे आज,' बायको मागून म्हणाली. 'सकाळपासून उपास आहे माझा. तुम्ही कसली पाऊणपट करत होतात?'

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. त्यातल्या चौकटीत बारा हा आकडा होता, आणि ती तारीख होती.

'तारखेची पाऊणपट केली की बहुतेक पगाराची वेळ निघते,' साडू म्हणाले.

होडीपर्यंत चालत जायचं ठरलं. तुम्ही हर्णैच्या चिखलात कधी चालला आहात का? पाय घालायला काही लागत नाही. काढायचा असेल तर मात्र त्याची रीतसर परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळते तेव्हा चप्पल तिथेच ठेवून घेतात. माझी डावी चप्पल अशी जमा झाली. होडीवाल्यानं कोपरापर्यंत हात घालून ती काढली, समुद्रात खळबळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'हातातच धरा. पायात काय ऱ्हानार नाय ती.' दोघी बहिणी पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत खोचून गप्पा मारत पुढे निघून गेल्या होत्या. विषय संध्याकाळी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचं की उद्या, हा होता.

होडीत बसल्यावर मात्र माझी वेळ आली. मी फाइल उघडली.

'एप्रिल १७५५!' मी सुरुवात केली आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं. त्या इंजिनावर मात करायची तर इतिहास ओरडूनच सांगावा लागतो. 'कमोडोर विल्यम जेम्स! प्रोटेक्टर नावाचं चव्वेचाळीस तोफांचं जहाज!'

'काय म्हणतायत?' मेव्हणीनं विचारलं.

'प्रोटेक्टर,' साडू म्हणाले. 'लाइफ जॅकेटची कंपनी असेल.'

मी थांबलो नाही. जेम्सनं आधी समुद्राच्या अंगानं तोफा डागल्या. तिकडून काही साधेना म्हणून तो जहाज फिरवून किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात शिरला, म्हणजे आत्ता आम्ही होतो तिथेच. तोफेच्या माऱ्यानं आत आग लागली, ती पसरत दारूच्या कोठाराला भिडली आणि कोठार उडालं. मग त्याचे खलाशी बेटावर उतरले आणि त्यांनी लहान दरवाजा कुऱ्हाडींनी फोडला. खलाशी 'उतरले' असं एका शब्दात सगळी पुस्तकं लिहितात. कसे उतरले, कुठल्या पायानं, आधी कोण, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही. तेवढं कोणी लिहिलं असतं तर पुढचा प्रसंग टळला असता.

किल्ला जवळ येतो तसतसा उंच होत जातो. तटाखाली काही ठिकाणी मूळ खडकच तासून भिंत केली आहे. त्यावर रचलेले चिरे इतके मोठे आहेत की ते इथे आणले कसे हा प्रश्न पडतो. आणि दरवाजा दिसत नाही. तो दोन बुरुजांच्या आड असा वळवून बांधला आहे की पुढ्यात जाईपर्यंत तिथे दार आहे अशी शंकाही येऊ नये. त्याच्यासमोर काळे खडक, थोडी वाळू आणि पाणी. धक्का नाही, पायऱ्या नाहीत. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खडकाशी आणायची आणि माणसांनी उतरायचं.

'लाट वर आली की उतरायचं,' होडीवाल्यानं सांगितलं. 'खाली जाताना नाय.'

लाट वर आली आणि बायको उतरली. उपाशी पोटी, दुखऱ्या गुडघ्यानं, पर्स खांद्याला लावून. मागोमाग मेव्हणी. साडू नाळेवर उभे राहिले, 'माझी पॉलिसी चालू आहे,' असं म्हणाले आणि खडकावर होते.

मग मी नाळेवर आलो.

समोर खडक. त्यावर हिरवं शेवाळ, शेवाळातून वर आलेल्या कालवांच्या धारदार कडा. लाट वर आली की खडक माझ्या घोट्याशी यायचा. लाट गेली की तोच खडक माझ्या छातीशी. मी प्रत्येक लाटेचा प्रस्ताव तपासत होतो. उंची ठीक आहे, वेग ठीक आहे, तारण पुरेसं आहे, आता मंजूर करायला हरकत नाही, असं म्हणेपर्यंत अर्जदार निघून गेलेला असायचा.

'उतरा,' होडीवाला म्हणाला.

'ही की पुढची?'

'हीच. आता ही गेली. ही. ही पन गेली.' मग त्यानं सुकाणू एका हातात धरून माझ्याकडे नीट पाहिलं. 'सायेब, विचार करू नका. उतरा.'

हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. आमच्या बँकेत विचार न करता उतरलेल्यांची चौकशी चालते. मी उजवा पाय पुढे केला, तो मागे घेतला, डावा पुढे केला. खडकावरून साडू हात पुढे करून उभे होते. त्यांचा हात धरायचा म्हणजे हा लाँगचाही हात धरण्यासारखं होतं, तरी मी तो धरायला तयार झालो, आणि तेवढ्यात लाट खाली गेली आणि मी नाळेवर खाली बसलो. मागे दुसरी होडी जागेसाठी खोळंबली होती. त्यातली शाळकरी पोरं मोठ्यानं आकडे मोजत होती.

'ऱ्हाऊ द्या,' होडीवाला म्हणाला. 'तुमी बसा.'

त्यानं होडी मागे घेतली. बायकोनं खडकावरून हात हलवला. मीही हलवला.

मला आता इतिहास वेगळाच दिसू लागला. १८०२ साली यशवंतराव होळकरांपुढून पळालेला दुसरा बाजीराव महाडमार्गे याच सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आला आणि पुढे वसईला गेला. ज्याच्या नावाला लोकांनी 'पळपुटा' हे विशेषण कायमचं चिकटवलं, तोही इथे आला आणि उतरला. सुवर्णदुर्ग पडला त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली, त्यात आता तोफा नाहीत, शिबंदी नाही, आतल्या इमारतींची नुसती जोती उरली आहेत. पण ज्यानं तो बांधला त्यानं पाणी, खडक आणि दडवलेला दरवाजा यांची अशी मांडणी केली आहे की माझ्या आकाराच्या शत्रूला ती आजही पुरते.

होडी थांबू शकत नव्हती. किनाऱ्यावर माणसं खोळंबली होती, त्यामुळे मला घेऊन ती परत हर्णैला आली. नव्या गिऱ्हाइकांना माझ्याभोवती बसवून पुन्हा किल्ल्याकडे निघाली. मी नाळेजवळ एका जागी बसून होतो, अंगात लाइफ जॅकेट, पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, हातात एक चिखलाची चप्पल. चढणाऱ्या एका काकूंनी माझ्या हातात पैसे दिले. मी ते होडीवाल्याकडे दिले. त्यानं मोजले आणि काही बोलला नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांनीच पैसे माझ्याकडे दिले. बँकेत बत्तीस वर्षं रोख मोजलेल्या माणसाला हे काही अवघड नाही. सुटे पैसेही मीच दिले. मग लाइफ जॅकेटं वाटू लागलो, बंद आवळून देऊ लागलो. एका गृहस्थाला तर 'उजव्या अंगाला बसा, होडी कलते' असं सांगितलं, आणि होडी खरोखर सरळ झाली.

खेपा किती झाल्या ते मोजलं नाही. व्याख्यान मात्र प्रत्येक खेपेला सुधारत गेलं. इंजिनाच्या कुठल्या ठोक्यात कुठलं वाक्य बसतं ते कळलं. शेवट मी लंडनवर करायचो. हा किल्ला जिंकून जेम्स श्रीमंत झाला, सर झाला. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ त्रेसष्ट फुटांचा त्रिकोणी मनोरा बांधला. सुवर्णदुर्ग हे नाव इंग्रजी तोंडात 'सेव्हर्नड्रूग' झालं, म्हणून मनोऱ्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. तो अजून उभा आहे.

'काका, तिथे जायला होडी लागते?' एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं.

'नाही. टेकडी आहे. आत जिना आहे.'

'मग तुम्ही तिथे का नाही गेलात?' ती म्हणाली. मला वाटतं ती सहज म्हणाली.

पण खरी गंमत किल्ल्यापाशी व्हायची. होडी खडकाला लागली की मी नाळेवर उभा राहून एकेकाला उतरवत होतो. एक हात त्यांच्या कोपराला, दुसरा हात होडीच्या काठाला. लाट केव्हा येणार हे आता मला पायाच्या तळव्यांना कळत होतं. 'थांबा, थांबा, आता!' असं म्हणून मी आज्यांना उतरवलं, कडेवरची मुलं हातोहात दिली, एका भल्याथोरल्या कंत्राटदाराला उतरवलं. माझ्याच वयाचे एक गृहस्थ नाळेवर येऊन घुटमळले. उजवा पाय पुढे, मागे, डावा पुढे. मी त्यांचं कोपर धरलं आणि म्हणालो, 'विचार करू नका, उतरा.' ते उतरले. खडकावरून वळून त्यांनी मला विचारलं, 'तुम्ही इथलेच का?'

'हो,' मी म्हणालो. 'मूळचे.'

होडीवाल्यानं विडीचा धूर सोडला.

तासाभरानं आमची मंडळी खडकावर आली. मी त्यांनाही उतरवून घेतलं. साडूंना जरा जास्तच जोरात.

'काय काय पाहिलंत?' मी विचारलं.

'झाडोरा आहे खूप,' साडू म्हणाले. 'तळी आहेत. समुद्राच्या बाजूला एक लहान दार आहे, तिथून वारा काय येतो! खरं सांगू का, हा लाँगला असं नाही. तिथे बेटं नुसती बघायची असतात. हे कोणीतरी बांधलंय.'

मला एवढी दाद अपेक्षित नव्हती. 'आणि कासव?' मी विचारलं.

'कासव? ते मार्चमध्ये ना?' मेव्हणी म्हणाली. 'वेळासला. त्या महोत्सवाला.'

'दगडाचं! महादरवाज्याच्या पायरीवर!'

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साडूंनी फोन काढून फोटो शोधले. महादरवाज्यात तिघं ओळीनं उभी होती आणि साडूंच्या उजव्या बुटाखालून कासवाचं डोकं आणि पुढचा एक पाय बाहेर आला होता. फोटो चांगला मोठा करून मी ते कासव पाहिलं. मला ते कधीपासून माहीत होतं. त्याच्यावर उभे मात्र साडू होते. बायको म्हणाली, 'मारुती पाहिला हो मी. चतुर्थी आहे म्हणून पर्समधलं जास्वंद वाहिलं.'

हिशेबाची वेळ आली तेव्हा होडीवाल्यानं तिघांचेच पैसे घेतले. माझे घेतले नाहीत. उलट होडीच्या तळातून त्यानं एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. त्याच्या भावाच्या लाँचवरचे बांगडे होते, ताजे, अजून वळलेले. 'तुमचा वाटा,' तो म्हणाला. लाँचवर खलाशांना पगाराबरोबर मासळीचा वाटा मिळतो, तो हा.

माझ्या घराण्यात दर्यातून आलेली ही पहिली कमाई. आणि ती मी घेऊन जाणार कुठे? घरी शुद्ध शाकाहारी यजमानीण, गाडीत उपासाची बायको, डोक्यावर संकष्टी. मेव्हणी नाकाला ओढणी लावून चार हात लांब सरकली. किनाऱ्यावर तोवर लिलाव सुरू झाला होता. टोपल्या वाळूत ओतल्या जात होत्या, कोलंबीचे ढीग, सुरमया, म्हाकुळ, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून भाव पाडणाऱ्या कोळणी. मी पिशवी घेऊन एका मावशींसमोर उभा राहिलो.

'काय पायजे?' त्या म्हणाल्या.

'पाहिजे नाही. द्यायचे आहेत.'

मावशींनी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं. एक बांगडा उचलून कल्ले उलटून बघितले. 'ताजे हाईत,' त्या शेजारणीला म्हणाल्या, 'मानूसच शिळा हाय.' दोघी मनसोक्त हसल्या. मग त्यांनी कंबरेच्या बटव्यातून दोन नोटा काढून दिल्या. भाव पडला की मी पडलो, मला कळलं नाही, पण त्या नोटा मी अजून खर्चलेल्या नाहीत.

रात्री चंद्रोदयाला उकडीचे मोदक होते. बायकोनं उपास सोडला. मी माझ्या दुसऱ्या पराभवाची, म्हणजे तिथीची, सारवासारव करत होतो तेव्हा यजमानांनी कर्व्यांची गोष्ट सांगितली. धोंडो केशव शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरूडहून निघाले. समुद्र खवळलेला, बोटी बंद, म्हणून मुंबईचा बेत सोडून मित्रांबरोबर पायीच घाट चढून साताऱ्याला गेले. इतकं चालून पोचल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. कारण काय, तर ते वयापेक्षा फार लहान दिसतात. सोळा-सतरा वर्षांचा तो किरकोळ मुलगा आल्या पावली परतला, आणि पुढे १९५८ मध्ये शंभरीत भारतरत्न झाला.

'बघा,' यजमान म्हणाले, 'समुद्रानं अडवलं म्हणून काही अडत नाही.'

'ते लहान दिसत होते,' साडू मोदकावर तूप घेत म्हणाले. 'यांचं प्रकरण वेगळं आहे.'

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी, आणि अकरांमध्ये सुवर्णदुर्ग. बातमी आली त्या रात्री साडूंनी कुटुंबाच्या ग्रुपवर कासवाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हा लाँग १९९४, सुवर्णदुर्ग २०२५. दोन्ही वारसे पाहून झाले.' मी त्याखाली तुळाजी आंग्रे, जेम्स, प्रोटेक्टर आणि सेव्हर्नड्रूग यांच्यावर सविस्तर लिहिलं. भाच्यानं विचारलं, 'मामा, तुम्ही आत गेला होतात?' मी लिहिलं, 'मी तिथे बराच वेळ होतो.' यातला शब्द न् शब्द खरा आहे.

दिवाळीच्या तोंडावर हर्णैहून फोन आला. नंबर त्या दिवशी मीच त्याच्या फोनमध्ये घालून दिला होता. 'सायेब, वळखलं का?' होडीवाला म्हणाला. 'यंदा गर्दी लई होनार आसं म्हनतात. पोरगा मुंबैला ग्येला, नाळेवर मानूस नाय. तुमी रिटायर झालात ना? येता का सीझनला? ऱ्हायाचं माझ्याकडं. वाटा देतो.'

माझा घसा दाटून आला. पणजोबा घाट चढून आल्यापासून आमच्या घरात कोणाला समुद्रानं बोलावलं नव्हतं. पण पेन्शनची कागदपत्रं अजून अडकलेली, रक्तदाबाची गोळी सुरू, बायकोचा गुडघा, आणि घरी विचारायला हवंच. 'जरा विचार करून सांगतो,' मी म्हणालो.

पलीकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

'ऱ्हाऊ द्या,' तो म्हणाला.